पीडीएफ पुस्तकाला अनुक्रमणिकेचे दुवे, बुकमार्क आणि सूची: कुठे बसून करावं?

गेल्या उन्हाळ्यात एक निवृत्त शिक्षक नागपूरच्या महाल भागातल्या माझ्या डीटीपीच्या दुकानात पेन ड्राइव्ह घेऊन आले. त्यात नागपूरच्या तलावांवरच्या त्यांच्या पुस्तकाची २८८ पानांची पीडीएफ होती. "भाऊ, अनुक्रमणिकेवर बोट ठेवलं का ते पान उघडलं पाहिजे. होते नं हे?"

होतं. मी विचारलं, "सर, मूळ फाइल आहे का?" नव्हती. पुस्तक छापणाऱ्याकडे पेजमेकरची फाइल होती, ती कॉम्प्युटर बदलताना गेली.

कोणतं सॉफ्टवेअर चांगलं, हा प्रश्न या एका उत्तरानंतरचा आहे. मूळ फाइल हाताशी असेल तर काम तासाभराचं. नुसती पीडीएफ असेल तर संध्याकाळ जाते, आणि सूची, म्हणजे कोणता शब्द कोणत्या पानावर आहे ते सांगणारी शेवटची यादी, हवी असेल तर ते मनातून काढून टाकलेलं बरं.

अनुक्रमणिकेच्या पानावरचे दुवे आणि बुकमार्क यांत लोक गल्लत करतात. दुवे पानावरच असतात, बोट लावलं की उडी. बुकमार्क बाजूच्या पट्टीत उघडतात. कॉम्प्युटरवर ती पट्टी फार सोयीची, पण व्हॉट्सअ‍ॅपवर आलेली फाइल फोनवर तशीच उघडणाऱ्याला ती बहुतेक सापडतच नाही. वाचक फोनवाले असतील आणि दोन्हींपैकी एकच जमणार असेल, तर दुवे करा.

आता मूळ फाइल आहे असं धरू. वर्ड की त्याच्यासारखंच दुसरं सॉफ्टवेअर लिब्रेऑफिस? तत्त्व दोन्हीकडे एकच. प्रकरणाचं नाव हाताने ठळक आणि मोठं करायचं नाही, त्याला हेडिंगची स्टाइल लावायची. अनुक्रमणिका आणि बुकमार्क दोन्ही त्यातूनच निघतात. वर्डमध्ये पीडीएफ सेव्ह करताना 'ऑप्शन्स'मध्ये जाऊन हेडिंगवरून बुकमार्क करण्याची खूण स्वतः करावी लागते. लिब्रेऑफिसमध्ये ती एक्सपोर्टच्या चौकटीत समोरच आहे. दोन्हीकडे घात एकाच ठिकाणी होतो: घाईत कोणी प्रिंटची कमांड देऊन प्रिंटरच्या यादीतून पीडीएफ निवडतो. पानं हुबेहूब येतात, दुवे आणि बुकमार्क मात्र सगळे जातात.

सूचीत मात्र दोघांत फरक पडतो, आणि माझं मत तिथेच लिब्रेऑफिसकडे झुकतं. वर्डच्या सूचीतले पान क्रमांक नुसते आकडे असतात, दाबून काही होत नाही. लिब्रेऑफिसमध्ये सूचीच्या क्रमवारीची भाषा मराठी निवडता येते. ते लागू झालं का हे तपासायला माझी एक युक्ती आहे: 'बावडी' आणि 'बाळापूर' या दोन नोंदी बघायच्या. युनिकोडच्या, म्हणजे प्रत्येक अक्षराला ठरावीक कोड देणाऱ्या तक्त्यात ळ हा ल च्या लगेच नंतर, व च्या आधी बसलाय, म्हणून नुसत्या कोडप्रमाणे लावलं की बाळापूर आधी येतं. आपल्या वर्णमालेत ळ ह नंतर येतो, त्यामुळे बावडी आधी पाहिजे. शिवाय लिब्रेऑफिस फुकट आहे.

पुस्तकाची पानं मांडायच्या इनडिझाइन या सॉफ्टवेअरमध्ये अनुक्रमणिका करतानाच बुकमार्कची खूण असते. पीडीएफ काढताना बुकमार्क आणि हायपरलिंक या दोन्ही खुणा करायच्या. देवनागरीसाठी वर्ल्ड-रेडी कंपोझर ही त्यातली सेटिंग लावलीच पाहिजे, नाहीतर जोडाक्षरं फुटतात. चित्रांचं पुस्तक असेल, किंवा वर्षाला चारपाच पुस्तकं काढत असाल तर घ्या. एका पुस्तकासाठी त्याचं भाडं भरू नका. लाटेक्सचं, म्हणजे मजकुरात कमांड लिहून पानं मांडायच्या पद्धतीचं म्हणाल तर हायपररेफ पॅकेज घातलं की अनुक्रमणिका, बुकमार्क, अगदी सूचीतले आकडेसुद्धा दुवे होतात. फक्त सूची मराठी क्रमाने लावायला त्यातला मेकइंडेक्स हा नेहमीचा प्रोग्रॅम उपयोगाचा नाही, अपमेंडेक्स वापरावं. ज्याला लाटेक्स आधीच येतं त्याच्यासाठी हे, बाकीच्यांनी केवळ यासाठी शिकू नये.

आता सरांचं प्रकरण, नुसती पीडीएफ. अ‍ॅक्रोबॅट प्रोमध्ये मथळा सिलेक्ट करून कंट्रोल-बी दाबलं की तोच मजकूर बुकमार्कचं नाव होतो. पुस्तक कृतिदेव या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेलं. मी 'नागपूर' सिलेक्ट केलं आणि पट्टीत उमटलं: यू, के, एक्स, आय, डब्ल्यू, जे. सर चष्मा पुसून परत बघायला लागले. कारण साधं आहे. कृतिदेवमध्ये आत इंग्रजी अक्षरंच असतात, फॉन्ट त्यांना मराठीचं सोंग देतो. बुकमार्कच्या पट्टीला असा फॉन्ट लावता येत नाही, तिला युनिकोडच लागतं. श्रीलिपीत केलेल्या जुन्या फाइलींचंही हेच रडगाणं. म्हणजे नावं हातानेच टाइप करायची.

टाइपच करायचं तर अ‍ॅक्रोबॅट कशाला? फुकटच्या पीडीएफटीकेने बुकमार्कची यादी साध्या मजकूर फाइलमध्ये काढता येते, तिच्यात प्रत्येक प्रकरणाचं नाव, पातळी आणि पान लिहून परत पीडीएफमध्ये घालता येते. मात्र काढताना आणि घालताना यूटीएफ-८ वाली कमांड वापरा, नाहीतर देवनागरीचा चुराडा होतो. ज्यांना कमांड टाइप करायच्या काळ्या खिडकीची भीती वाटते त्यांच्यासाठी जेपीडीएफबुकमार्क्स आहे. पान मोजताना छापलेला आकडा घेऊ नका. सरांच्या पुस्तकात मुखपृष्ठ, अर्पणपत्रिका, प्रस्तावना धरून छापील १ हे फाइलीतलं १३वं पान होतं. मी पहिल्यांदा बारा मिळवायला विसरलो आणि अंबाझरी तलावाच्या बुकमार्कवर टिचकी मारली की प्रस्तावना उघडायची.

अनुक्रमणिकेचे दुवे या दोन्हींतून होत नाहीत. त्यासाठी अ‍ॅक्रोबॅटमध्ये प्रत्येक ओळीवर चौकट आखावी लागते. २४ प्रकरणं, २४ चौकटी, एवढं जमतं. चारशे नोंदींच्या सूचीला ते करायचं मी नाही म्हटलं. त्याऐवजी पानांना लेबलं लावून दिली, म्हणजे वाचकाने ५७ टाकलं की छापील ५७वंच उघडतं. देवनागरी आकड्यांची सोय लेबलांत नाही, वाचकाला इंग्रजी आकडेच टाकावे लागतात.

"पण शोध आहे नं," सर म्हणाले, "सूची कायले पाहिजे?" कृतिदेवात तर शोध चालतच नाही. युनिकोडच्या पीडीएफमध्येही र्‍हस्व वेलांटी आणि रफार मागेपुढे होऊन साधा शब्द सापडत नाही, हे ज्याने शोधलंय त्याला माहीत आहे. आणि सापडला तरी 'नागपूर' शोधणाऱ्याला 'नागपुरात' मिळत नाही, पू चा पु होतो. लिब्रेऑफिसला शब्दांची यादी देऊन सूची आपोआप करवून घेता येते, तिथेही हीच अडचण. प्रत्येक शब्दाची सामान्यरूपं यादीत वेगळी द्यावी लागतात. त्यातही शुक्रवारी तलाव, जुम्मा तलाव आणि गांधीसागर हे एकच, हे कोणत्याही यंत्राला कळत नाही. तेलंगखेडी आणि फुटाळ्याचंही तसंच. 'शुक्रवारी तलाव: पाहा गांधीसागर' ही ओळ माणसालाच लिहावी लागते.

सर आता दुसऱ्या आवृत्तीसाठी मजकूर युनिकोडमध्ये उतरवताहेत. कन्व्हर्टरने काम लवकर होतं, पण 'तळ्याऱ्या'सारखे फुटलेले शब्द आणि उडालेले रफार शोधायला प्रत्येक पान वाचावं लागतं. परवा ९० पानं झाली म्हणून सांगायला आले होते, सोबत सूचीची वही. तिच्यात 'गांधीसागर'समोर अकरा पानांचे आकडे होते, सगळे पेन्सिलने.