गोबरगॅस की सिलिंडर?

धुरापासून सुटका दोन्हींत आहे. १ मे २०१६ रोजी उज्ज्वला योजना सुरू झाल्यानंतर १४.२ किलोचा सिलिंडर खेड्यापाड्यांत पोहोचला खरा, पण तो पुन्हा भरायला रोख पैसे लागतात आणि शेतकऱ्याच्या हाती ते हंगामातच येतात, म्हणून अंघोळीच्या पाण्यासाठी अनेक घरांत चूल पेटतेच.

गोबरगॅसला पैशांऐवजी राबणूक लागते: दोन घनमीटरच्या संयंत्रासाठी रोज सुमारे ५० किलो शेण, म्हणजे चार-पाच जनावरे, आणि जवळजवळ तितकेच पाणी हवे, कुंडीत शेण कालवताना काडीकचरा वेचण्याचा कंटाळा केला, की शेगडीची निळी ज्योत मंदावते. (थंडीत ती तशीही मंदावतेच.) तरीही गोठा भरलेला असेल, तर माझा कौल गोबरगॅसला, कारण बाहेर पडणारी मळी शेताला उत्तम खत होते. दावणीला एकच म्हैस असेल, तर मात्र सिलिंडरच बरा.