थांबलेली जागा लक्षात ठेवणारा प्लेअर निवडताना

दोन-अडीच तासांचे प्रवचन, आख्यानासह पूर्ण ध्वनिमुद्रित झालेले कीर्तन किंवा वीस तासांची वाचून दाखवलेली कादंबरी ऐकणाऱ्याची गरज गाणी ऐकणाऱ्याहून अगदी वेगळी असते. गाणे मध्येच तुटले तर ते पुन्हा पहिल्यापासून लावण्यात फारसे काही जात नाही. पण दीड तासावर थांबलेल्या प्रवचनातली नेमकी जागा लहानशा बटणावर बोट दाबून धरून शोधायची म्हटली, की ऐकण्याची इच्छाच निघून जाते. म्हणून अशा श्रोत्याने प्लेअर घेताना आवाजाचा दर्जा, पडद्याचा आकार किंवा साठवणक्षमता यांच्याही आधी एकच गोष्ट पाहावी, आणि ती म्हणजे हे यंत्र थांबलेली जागा लक्षात ठेवते का, आणि ठेवत असेल तर नेमकी कशी.

हा दुसरा प्रश्न महत्त्वाचा आहे, कारण खोक्यावर लिहिलेल्या ‘रिझ्यूम’ या शब्दाचे अर्थ निरनिराळे असतात. काही स्वस्त प्लेअर केवळ शेवटची फाइल लक्षात ठेवतात आणि ती पुन्हा पहिल्या मिनिटापासून सुरू करतात. काही प्लेअर जागाही लक्षात ठेवतात, पण एकाच फाइलची. कादंबरी थांबवून मध्ये अर्धा तास अभंग ऐकले की कादंबरीतली जागा पुसली जाते. काहींत ही नोंद केवळ चालू स्थितीतल्या स्मृतीत राहते आणि प्लेअर बंद करताना कायमस्वरूपी स्मृतीत उतरवली जाते. बॅटरी अचानक संपली तर ती उतरतच नाही. ज्याला खऱ्या अर्थाने उपयोगी म्हणावे, असा प्लेअर प्रत्येक लांब फाइलची जागा स्वतंत्रपणे जपतो. दुकानदाराला विचारून हे कळेलच असे नाही, म्हणून घेण्यापूर्वी स्वतः पडताळून पाहावे: एक लांब फाइल मधूनच थांबवावी, दुसरी थोडा वेळ चालवावी, प्लेअर पूर्ण बंद करून पुन्हा सुरू करावा आणि पहिल्या फाइलकडे परत जावे. या परीक्षेत उतरत नाही तो प्लेअर, कितीही देखणा असला तरी, या कामासाठी घेऊ नये.

सॅनडिस्कचा क्लिप जॅम हा आमच्या घरी वापरात असलेला प्लेअर या दृष्टीने विचारपूर्वक बनवलेला आहे. त्यात संगीतासाठी एक फोल्डर आहे आणि ऑडिओबुक व पॉडकास्ट यांच्यासाठी वेगळे फोल्डर आहेत. या वेगळ्या फोल्डरांत ठेवलेल्या फाइलची जागा तो जपतो, संगीताच्या फोल्डरातल्या फाइलची मात्र तशी जपत नाही. सगळ्या फाइली संगीतातच टाकून ‘हा काही लक्षात ठेवत नाही’ असा निष्कर्ष काढणे म्हणूनच सोपे आहे. अंगची साठवण 8 जीबी असून 32 जीबीपर्यंतचे कार्ड घालता येते, कंपनी एका चार्जिंगवर 18 तासांचा दावा करते, आणि बटणे खरोखरची असल्यामुळे अंधारात किंवा खिशात हात घालूनही ती चाचपडून सापडतात. झोपण्यापूर्वी ऐकणाऱ्या ज्येष्ठांना मोबाइलच्या गुळगुळीत काचेपेक्षा हे फार सोयीचे वाटते, असा माझा अनुभव आहे. ब्लूटूथ नाही, त्यामुळे वायरचे हेडफोन लागतात. पडदाही लहान आहे. माझ्या मते या कामासाठी या दोन्ही उणिवा सहन करण्याजोग्या आहेत. आता तो सर्वत्र सहज मिळत नाही, एवढी एक अडचण मात्र खरी.

प्लेअर चांगला असूनही जागा चुकते, तेव्हा दोष पुष्कळदा फाइलचा असतो. बदलत्या बिटरेटच्या, म्हणजे दर सेकंदाला लागणाऱ्या डेटाचे प्रमाण कमीजास्त होत राहणाऱ्या, एमपी3 फाइलीत वेळ आणि फाइलमधले स्थान यांचे प्रमाण सारखे नसते; फाइलच्या आरंभी त्याची तक्ता-नोंद नसेल, तर प्लेअर अंदाजाने उडी घेतो आणि दोन-चार मिनिटे मागे-पुढे पडतो. म्हणून बोललेल्या मजकुरासाठी स्थिर बिटरेटच ठेवावा. 64 केबीपीएस मोनो हे प्रवचनाला पुरेसे असून त्या हिशेबाने तासाला सुमारे 29 एमबी लागतात, म्हणजे वीस तासांची कादंबरी 600 एमबीच्या आत बसते. फाइलींच्या नावांआधी 01, 02, 03 असे आकडे घालावेत, नाहीतर दहावे प्रकरण दुसऱ्याच्या आधी येऊन बसते. अनेक लहान प्लेअरच्या पडद्यावर देवनागरी नीट उमटत नाही, हे लक्षात घेऊन नावे रोमन लिपीत दिलेली बरी.

ज्यांना थोडी खटपट करण्याची हौस आहे, त्यांनी याच घराण्यातल्या 2009 च्या क्लिप प्लस किंवा 2011 च्या क्लिप झिपचा जुन्या बाजारात शोध घ्यावा. या दोन्हींवर रॉकबॉक्स हे मुक्त फर्मवेअर, म्हणजे कंपनीच्या मूळ प्रणालीऐवजी यंत्र चालवणारी प्रणाली, चालते. क्लिप जॅमवर ते चालत नाही. 2001 मध्ये आर्कोस कंपनीच्या प्लेअरसाठी सुरू झालेल्या या प्रकल्पात बुकमार्कची रचना फार सुरेख आहे. सेटिंग्जमध्ये ती सोय सुरू केली, की थांबवताक्षणी कोणत्या फोल्डरातील कोणती फाइल कितव्या मिनिटाला थांबली याची नोंद होते, आणि अलीकडच्या बुकमार्कांची यादी उघडून एकाच वेळी चालू असलेल्या तीन-चार पुस्तकांपैकी हवे ते पुढे नेता येते. फोल्डरचे नाव बदलले तर जुना बुकमार्क निकामी होतो, म्हणून नावे सुरुवातीलाच ठरवून टाकावीत. वापरलेले यंत्र घेताना बॅटरी किती वेळ टिकते, हे आधी पाहावे.

ॲपलच्या आयपॉडमध्ये आयट्यून्समधून प्रत्येक फाइलला ‘जागा लक्षात ठेवावी’ अशी खूण करता येत असे, आणि ही जागा संगणकाशीही जुळवली जात असे. पण मे 2022 मध्ये शेवटचा आयपॉडही बंद झाल्यामुळे आज नव्याने त्या वाटेला जाण्याचा सल्ला मी देणार नाही.

स्टोरीटेलसारख्या सेवेवरची मराठी पुस्तके ऐकायची असतील, तर मोबाइलला पर्याय नाही. तिथे ऐकण्यासाठी उतरवून ठेवलेली पुस्तके ॲपमध्येच राहतात, प्लेअरवर घेता येत नाहीत. ॲप जागा जपते, पण मधले फोन आणि सूचनांचे आवाज ऐकण्यात सतत खंड पाडतात.

दृष्टिबाधित श्रोत्यांची निवड मात्र वेगळी असावी. त्यांच्यासाठी ह्यूमनवेअरचा व्हिक्टर रीडर स्ट्रीम हा डेझी स्वरूपातील, म्हणजे दृष्टिबाधितांसाठी प्रकरणे-पानांच्या खुणांसह बनवलेली, पुस्तके वाचणारा प्लेअर आहे. तो प्रत्येक पुस्तकातली जागा वेगळी जपतो, आपण कुठे आहोत हे बोलून सांगतो, आणि अंकांच्या उठावदार बटणांनी प्रकरणानुसार किंवा पानानुसार पुढे-मागे जाऊ देतो. तो महाग आहे; पण 2016 मध्ये सुरू झालेल्या सुगम्य पुस्तकालयासारख्या ऑनलाइन ग्रंथालयातून पात्र वाचकांना सुगम स्वरूपातील पुस्तके मिळू शकतात, त्यामुळे रोज वाचणाऱ्याच्या बाबतीत हा खर्च मला योग्य वाटतो.