'सरकारमान्य इन्स्ट्रक्टर कोर्स'मध्ये माझे 70,500 रुपये गेले. सांगली-मिरजकरांनो, तुम्ही भरू नका

सांगली-मिरज रस्त्यावर, तासगावला, विट्याला, कुठेही 'सरकारमान्य मोटार ड्रायव्हिंग इन्स्ट्रक्टर कोर्स, तीन महिने, नोकरीची हमी' असा फ्लेक्स दिसला तर आत पाऊल टाकू नका. माझे 70,500 रुपये गेलेत. त्यातला एक रुपयाही परत आलेला नाही आणि तो कोर्स चालवणारा माणूस उजळ माथ्यानं फिरतोय.

मी पतसंस्थेत क्लार्क होते. संस्था डबघाईला आली, पगार आधी निम्मा झाला, मग बंदच झाला. गाडी मी बरीच वर्षं चालवतेय. कॉलनीतल्या कितीतरी बायकांना मीच शिकवलं. "तुम्ही शेजारी बसलात की भीती वाटत नाही, क्लासच काढा की," असं त्याच म्हणायच्या. शिकवायला बाई असेल तर शिकायला येणाऱ्या बायका आहेत, हे मी रोज बघत होते. झटपट पैशाच्या मागे मी लागले नव्हते. चाळिशी ओलांडल्यावर नवं काम करायचं तर कागदपत्रांसह, रीतसर करायचं, एवढ्यासाठीच मी त्याच्याकडे गेले.

आणि नियम त्यानं बरोबर सांगितला, म्हणूनच विश्वास बसला. केंद्रीय मोटार वाहन नियम 1989, नियम 24. इन्स्ट्रक्टर किमान दहावी पास हवा, गाडी चालवण्याचा पाच वर्षांचा अनुभव हवा, शिवाय मोटार मेकॅनिकचं सरकारी किंवा सरकारमान्य संस्थेचं प्रमाणपत्र हवं. पहिल्या दोन गोष्टी माझ्याकडे होत्या, तिसरी नव्हती. तो म्हणाला, "ताई, आयटीआयला दोन वर्षं घालवणार का आता? आपल्याकडे तीन महिन्यांत सगळं होतं."

नोंदणीचे 5,000 रोख. कोर्स फी 45,000, त्यातले 25,000 आधी आणि 20,000 नंतर. कोड स्कॅन केला तर संस्थेचं नाव नाही, कुणा बाईचं नाव आलं. विचारलं तर म्हणाला, ट्रस्टचं खातं अपडेट होतंय, मॅडम आपल्याच आहेत. पावतीवर 'कोर्स फी' नव्हतं, 'सल्ला शुल्क' होतं. पावतीवर काय लिहिलंय ते काउंटरवरच वाचा, आणि संस्थेच्या नावाच्या खात्यावर पैसे जात नसतील तर तिथूनच परत फिरा. मग जुन्या वॅगनआरला ड्युअल कंट्रोल बसवायचे 8,000 आगाऊ घेतले. शिकवायच्या गाडीला शेजारच्या सीटवर बसणाऱ्याच्या पायाशी ब्रेक-क्लच लागतोच, ते खरं आहे. पण गाडीला आजतागायत कुणी हात लावलेला नाही.

शिकवणी म्हणाल तर रविवारी एका खोलीत वाहतूक चिन्हांचा तक्ता आणि फोनवरचे व्हिडिओ. इंजिनाला हात लावायला मिळाला नाही.

आणि मग ते प्रमाणपत्र. आजही डोळ्यांसमोरून जात नाही. लॅमिनेट केलेलं, कोपऱ्यात चकाकणारा होलोग्राम, माझं नाव, 'मेकॅनिक मोटार व्हेईकल', परराज्यातली कुठलीशी संस्था, सत्र 2019 ते 2021. ऑगस्ट 2019 मध्ये महापुरात अर्धी सांगली पाण्याखाली होती आणि मी पतसंस्थेची खातेवही-रजिस्टरं वरच्या मजल्यावर चढवत होते. त्या कागदावर मी परराज्यात इंजिन खोलत होते! तिथेच उठायला हवं होतं. पण मी गप्प बसले नाही, मी विचारलं. तो म्हणाला, "आरपीएल योजना आहे, जुना अनुभव त्या वर्षात धरतात." आरपीएल, म्हणजे आधीच्या अनुभवाला मान्यता देणारी सरकारी योजना खरोखर आहे, मी ते नाव ऐकलेलं होतं. आता कळलं, त्यात अनुभवाची चाचणी घेतात. मागच्या तारखेचं आयटीआय कुणी देत नाही. त्याच दिवशी 'आरटीओ खर्च' म्हणून त्यानं 12,500 घेतले.

आरटीओत खिडकीवरच्या माणसानं कागद बघितला आणि सरळ सांगितलं, हे चालणार नाही. पैसे भरायच्या आधीच आरटीओत हे विचारा, चौकशीला पैसे पडत नाहीत. आयटीआयचं खरं प्रमाणपत्र ऑनलाइन पडताळता येतं, तेही आधी करा.

पुढचा राग वेगळाच. पोलीस ठाण्यात म्हणाले, दिवाणी प्रकरण आहे, वकील बघा. मी कागद पुढे केला तर म्हणाले, बनावट प्रमाणपत्र तुमच्याच हातात आहे, उद्या तुमच्यावरच येईल. म्हणजे फसवलेल्या बाईलाच दम! अर्ज ठेवून घेतला, पोच मागितली तर "साहेब नाहीत". 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन केला, तोवर पैसे खात्यातून कधीच पुढे गेले होते. तुम्ही मात्र कळल्या क्षणी करा, तासाचासुद्धा उशीर नको. बँक म्हणाली, पिन तुम्हीच टाकलात. वकिलामार्फत पाठवलेली नोटीस 'पत्त्यावर राहत नाही' असा शेरा मारून परत आली. फ्लेक्स मात्र दुसऱ्या नावानं दुसरीकडे लागलाय. तो फाडायला कुणाला वेळ नाही, मला मात्र कुणीही उठून विचारतं, शिकलेली असून कशी फसलीस?

ठाण्यात तक्रार घेत नसतील तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173(4) प्रमाणे पोलीस अधीक्षकांना लेखी द्या, पोच घ्या. फसवणुकीसाठी भारतीय न्याय संहितेचं कलम 318 आहे. ग्राहक आयोगात 5 लाखांपर्यंत भरलेल्या रकमेच्या तक्रारीला शुल्क नाही, पण दोन वर्षांच्या आत जा. त्या बनावट प्रमाणपत्राचा कुठेही वापर करू नका आणि फाडूही नका, तोच पुरावा आहे.

आम्ही तिघीजणी आता एकत्र आलोय, एकीचे 38,000 गेलेत, एकीचे 52,000. एकटीचा अर्ज फाइलमध्ये जातो. अशाच कोर्सला ज्यांनी पैसे भरलेत त्यांनी पावती, स्कॅनचे स्क्रीनशॉट आणि प्रमाणपत्राची झेरॉक्स काढून ठेवा, लाज बाजूला ठेवून पुढे या. अधीक्षक कार्यालयात आम्ही सगळ्यांच्या सह्यांचा एकच अर्ज देणार आहोत.