बेसमेंटमधला बुटका फ्रॅग टँक, नऊ महिने वापरल्यावर

प्रवाळाचे तुकडे वाढवायचा खाऱ्या पाण्याचा टँक, ३६ बाय २४ आणि उंची फक्त १२ इंच. ऑर्डर देताना बायको म्हणाली, तेवढ्याच पैशात उंच मिळतोय की. आता नऊ महिने झाले, न्यू जर्सीतला आख्खा हिवाळा आणि अर्धा उन्हाळा काढून झाला, आणि परत घ्यायचा झाला तरी मी हाच बुटका घेईन, पण खालचा संप, म्हणजे टँकखालची पाण्याची दुसरी टाकी, मात्र दुप्पट मोठा घेईन.

फ्रॅग म्हणजे प्रवाळाचा कापून प्लगवर, म्हणजे छोट्या बैठकीवर, चिकटवलेला तुकडा, त्याला पसरायला जागा लागते, उंची नाही. रोज हात घालावा लागतो, कुठला पडलाय, कुठला रात्री लांब टेंटॅकल काढून शेजाऱ्याला डंख मारतोय, आणि इथे बाही कोपरापर्यंत सारली की तळ लागतो. लाइटही कमी पुरतो. हे माहीत असून मी सुरुवातीला जास्त ठेवला आणि दोन आठवड्यांत अकान (कमी उजेडात वाढणारं एक प्रवाळ) फिके पडले, फार वाईट वाटलं. मग पीएआर मीटर, म्हणजे प्रवाळाच्या कामाचा उजेड मोजणारं यंत्र, भाड्याने आणला तर रॅकवर ३०० च्या वर आकडा, आणि झोअँथिडला (सांगाडा नसलेला, प्रवाळाचा मऊ नातलग) १०० च्या आसपास भरपूर होतं! आता एगक्रेटचे (चौकटी-चौकटींची प्लास्टिकची जाळी) दोन रॅक पीव्हीसीच्या पायांवर केलेत, उंच रॅकवर मॉन्टिपोरा हे कठीण प्रवाळ, खालच्यावर कडेच्या सावलीत अकान.

आता संप, ज्याच्यासाठी खरं तर हे लिहितोय. रुंद टँकमध्ये एक इंच पाणी म्हणजे जवळजवळ पावणेचार गॅलन, १४ लिटर. हा गुणाकार मी विकत घेण्याआधी केलाच नव्हता. संपातून पंपाने पाणी वर टँकमध्ये आणणाऱ्या रिटर्न पाइपचं तोंड पाण्याखाली दोन इंच ठेवलं होतं आणि पाणी जास्त तेवढं बरं म्हणून संप जवळजवळ भरून ठेवायचो. जानेवारीत रात्री लाइट गेली, पंप थांबला, आणि त्याच पाइपातून पाणी उलटं खाली यायला लागलं ते तोंड हवेत येईपर्यंत, म्हणजे साडेसात गॅलन. संपात जागा होती चार गॅलनची. बाकीचं खारं पाणी कार्पेटवर. दुसऱ्या दिवशी तोंड पृष्ठभागाला जेमतेम बुडेल असं वर घेतलं आणि संपाला मार्करने रेघ मारली, त्याच्या वर पाणी भरायचं नाही. तुम्ही हे सगळं आधी पंप मुद्दाम बंद करून बघा, साध्या पाण्यावर.

एटीओशिवाय, म्हणजे उडालेलं पाणी आपोआप भरून काढणाऱ्या यंत्राशिवाय, हा प्रकार करूच नका. पृष्ठभाग एवढा पसरट, त्यात हिवाळ्यात हीटिंगची कोरडी हवा, दिवसाला गॅलनभर पाणी उडतं, मीठ मात्र तिथेच राहतं आणि ३५ पीपीटीवरून (हजार भागांत ३५ भाग मीठ) खारटपणा चढत जातो. एटीओच्या कॅनमध्ये फक्त आरओडीआय, म्हणजे गाळून क्षार काढलेलं शुद्ध पाणी, मिठाचं नाही.

पहिले सहा आठवडे टँक सायकल होईपर्यंत, म्हणजे घाण पचवणारे जिवाणू रुजेपर्यंत, रिकामाच होता, ते सोडा. फ्रॅग १२ चे ४० झाले तेव्हा मजा आली, कारण त्यातले कठीण प्रवाळ सांगाडा बांधायला अल्कलिनिटी, म्हणजे पाण्यातले कार्बोनेट, ओढतात, ८.५ वरून आठवड्यात ६.९ डीकेएच (ती मोजायचं एकक). तेव्हापासून त्याची थोडी थोडी भर घालणारा डोसिंग पंप लावलाय, तरी टेस्ट मी हातानेच करतो. आणि झोअँथिड कापताना हातमोजे आणि चष्मा घालाच, काही जातींत पॅलिटॉक्सिन हे जहाल विष असतं, ते डोळ्यात उडालं तर फार गंभीर होतं.

गावाकडच्या मित्रांनी विचारलं आम्हीही करू का. भारतात कठीण प्रवाळ १९७२ च्या वन्यजीव कायद्याच्या अनुसूची १ मध्ये आहेत, त्यामुळे मालवणच्या समुद्रातून तुकडा उचलायचा विचारसुद्धा नको, सिंधुदुर्ग किल्ल्याजवळ पाण्यात डोकं घालून बघा, मला ही ओढ तिथूनच लागली. इथे मी कैदेत वाढवलेल्या कॉलनीचेच फ्रॅग घेतो, दुसऱ्या हौशी लोकांकडून, आणि आणल्यावर डिप करून (किडे मारणाऱ्या द्रावणात बुडवून) महिनाभर वेगळ्या डब्यात ठेवतो, मॉन्टिपोरा खाणारे न्युडिब्रँक (बिनशंखाच्या समुद्री गोगलगायी) एकदा शिरले की सगळंच संपतं.

तो मॉन्टिपोरा आता प्लग सोडून एगक्रेटच्या चौकटींवर चढलाय, कडेला जांभळी रेघ आहे. शनिवारी प्रवाळ कापायचा बोन कटर काढणार, त्याचे तीन तुकडे करणार, ते कुणाला द्यायचे तेही ठरवून झालंय.