लोणंद ते मिरज: मराठी विकिपीडियावरची छोटी स्थानके कितपत कामाची?

मराठी विकिपीडिया १ मे २००३ पासून चालू आहे, आणि त्याचा सगळा डोलारा स्वयंसेवक संपादकांच्या खांद्यावर आहे. हे परीक्षण त्यातल्या एकाच कोपऱ्याचे आहे: पुणे-मिरज मार्गावरची सातारा आणि सांगली जिल्ह्यांतली छोटी स्थानके. वाचक म्हणून पाचपैकी तीन गुण. मिरज, सातारा, सांगली, कराड यांची माहिती हाताला लागते. सालपे, पळशी, तारगाव, शिरवडे, आमणापूर, नांद्रे अशा नावांवर मात्र हा प्रकार अडखळतो.

कारण साधे आहे. छोट्या स्थानकाचे पान बहुधा माहितीचौकट (पानाच्या बाजूचा थोडक्यात माहितीचा तक्ता) आणि दोन-तीन वाक्ये एवढ्यावरच संपते: कुठल्या जिल्ह्यात, कुठल्या मार्गावर, कोणत्या गाड्या थांबतात. थांबे वेळापत्रकाबरोबर बदलतात आणि पान तसेच राहते. मार्गाच्या दुहेरीकरणात फलाट आणि रुळांची मांडणीही बदलली, त्यामुळे जुन्या माहितीचौकटीतला फलाटांचा आकडा प्रत्यक्ष पाहिल्याशिवाय खरा धरू नये.

यावर संपादकांपुढे दोन वाटा असतात: प्रत्येक स्थानकाला स्वतंत्र पान द्यायचे, की सगळी स्थानके मार्गाच्या एकाच लेखात कोष्टकात बसवायची? इंग्रजी विकिपीडियावर स्थानक आहे म्हणजे पान हवेच, असा प्रघात बरीच वर्षे होता. आता तिथली भूमिका बदलली आहे. नुसते अस्तित्व पुरत नाही, स्वतंत्र स्रोतांत भरीव लिखाण हवे. नसेल तर मार्गाच्या लेखाकडे पुनर्निर्देशन करायचे, म्हणजे स्थानकाचे नाव उघडणारा वाचक थेट त्या लेखावर पोचतो. प्रत्येक भाषेचा विकिपीडिया आपले नियम स्वतः ठरवतो, म्हणून तो निर्णय मराठीत आपोआप लागू होत नाही. चावडीवर, म्हणजे संपादकांच्या सामायिक चर्चापानावर, चर्चा करूनच ठरवावे लागते. आमचे मत कोष्टकाच्या बाजूचे आहे. एका कोष्टकात सांकेतिक नाव, जिल्हा, तालुका, समुद्रसपाटीपासूनची उंची आणि आधीचे-पुढचे स्थानक आले, तर वाचकाला दहा कोरड्या पानांपेक्षा जास्त मिळते. शिवाय दुरुस्ती एकाच जागी होते.

विलीनीकरण करताना चुका ठरलेल्या आहेत. पान थेट 'पानकाढा' साचा लावून काढायला सांगू नये. इतिहास जातो आणि बाहेरचे दुवेही तुटतात. मजकूर मार्गाच्या लेखात न्यावा, संपादन सारांशात (बदल जतन करताना लिहायच्या टिपेत) मूळ पानाचे नाव लिहावे (परवान्यानुसार श्रेय देणे बंधनकारक आहे), मग जुन्या पानावर #पुनर्निर्देशन लिहून मार्गाच्या लेखाचा दुवा द्यावा. दुवा विभागाला जोडला असेल आणि पुढे कुणी त्या विभागाचे शीर्षक बदलले, तर वाचक लेखाच्या माथ्यावरच येऊन पडतो.

नावांचा घोळ हा वेगळाच विषय. कराड आणि कऱ्हाड ही एकाच गावाची दोन्ही रूपे हवीत. वाठार स्टेशन कोरेगाव तालुक्यातले. वाठार नावाची गावे कराड तालुक्यात आणि कोल्हापूर जिल्ह्यातही आहेत, म्हणून निःसंदिग्धीकरण पान (एकाच नावाच्या जागा वेगळ्या करून दाखवणारे पान) लागतेच. याच मार्गावर पुण्याजवळचे आळंदी स्थानक म्हणजे देवाची आळंदी नव्हे. जिल्ह्यांचेही तसेच: १९४९ साली सातारा जिल्ह्याचे उत्तर-दक्षिण भाग झाले आणि दक्षिण साताऱ्याला १९६० मध्ये सांगली हे नाव मिळाले. त्याआधीच्या कागदात ताकारी किंवा भिलवडी सातारा जिल्ह्यात दिसली, तर ती चूक नाही. पण ते वाचून पानाचा आजचा जिल्ह्याचा वर्ग बदलणे ही चूक आहे.

सगळेच कोष्टकात कोंबावे असेही नाही. किर्लोस्करवाडीचे पान स्वतंत्रच हवे. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० साली औंध संस्थानच्या जमिनीवर कारखाना आणि वसाहत उभी केली, ती कुंडल रोड स्थानकाजवळ. पुढे स्थानकाने वसाहतीचेच नाव घेतले. वाठारलाही इतिहास आहे: महाबळेश्वरला जाणारे प्रवासी एके काळी इथे उतरून वाई-पाचगणीमार्गे वर चढत. मिरजेत ब्रॉडगेज, मीटरगेज आणि बार्शी लाइट रेल्वेची ७६२ मिलिमीटरची नॅरोगेज, तिन्ही रूळ एकत्र आले होते. एवढे असताना मिरजेच्या पानावर गाड्यांची यादी लांब आणि रुळांचा इतिहास तोकडा ठेवणे म्हणजे उलटी गंगा.

सर्वांत जास्त काळजी शेणोलीची घ्यायला हवी. ७ जून १९४३ रोजी प्रतिसरकारच्या (साताऱ्यातल्या ब्रिटिशविरोधी समांतर सरकारच्या) तुफान सेनेने, म्हणजे त्याच्या सशस्त्र दलाने, इथे ब्रिटिशांची पगाराची रक्कम नेणारी गाडी अडवून लुटली. जी. डी. बापू लाड आणि कॅप्टन भाऊ म्हणजेच रामचंद्र लाड हे त्या कारवाईचे नेते. त्याचे एक साधे स्मारक तिथे आहे. स्मारकाला वेगळे पान द्यावे का? लिखित साहित्य स्मारकापेक्षा घटनेवर जास्त आहे, म्हणून घटनेचा सविस्तर विभाग प्रतिसरकारच्या लेखात असावा आणि शेणोलीच्या नोंदीतून त्याला ठळक दुवा असावा. फक्त 'थांबा' म्हणून शेणोलीची बोळवण होऊ नये.

संदर्भांसाठी सातारा जिल्ह्याचे १९६३चे आणि सांगलीचे १९६९चे गॅझेटिअर आधी उघडावे. वर्तमानपत्राचा दाखला देताना तारीख, आवृत्ती आणि पान क्रमांक तिन्ही द्यावेत, कारण सातारा आणि पुणे आवृत्त्यांत बातम्या वेगळ्या असतात. स्थानकाच्या पिवळ्या फलकावरची उंची तपशील म्हणून चालते, उल्लेखनीयतेचा, म्हणजे स्वतंत्र पानाच्या लायकीचा, पुरावा म्हणून नाही. स्मारकाचे छायाचित्र कॉमन्सवर (विकिपीडियाच्या सामायिक चित्रसंग्रहावर) चढवता येते: सार्वजनिक जागी कायम उभ्या असलेल्या शिल्पाचा आणि वास्तूचा फोटो काढायला भारतीय प्रताधिकार कायदा मुभा देतो. भिंतीवरच्या रंगवलेल्या चित्राला ती सवलत नाही, म्हणून असे चित्र चौकटीत मोठे येत असेल तर कोन बदलून फोटो घ्यावा.