सत्ता कोणाची: वेबरची खुर्ची की क्रोझिएचा पान्हा?

जर्मन समाजशास्त्रज्ञ मॅक्स वेबरच्या मते नोकरशाहीत सत्ता पदाला चिकटलेली असते. लेखी नियम, फायली, पात्रतेवर नेमणूक. माणूस बदलला तरी गाडा चालू. हे लिखाण १९२२ साली, त्याच्या मृत्यूनंतर आलं. कंपन्यांचे ‘ऑर्ग चार्ट’ (कोण कोणाच्या हाताखाली, हे दाखवणारे तक्ते) अजून त्याच साच्यातले.

फ्रेंच समाजशास्त्रज्ञ मिशेल क्रोझिएने मात्र फ्रान्सचे सरकारी तंबाखू कारखाने आतून पाहिले. सगळं नियमांत बांधलेलं. बेभरवशाचा एकच, यंत्राचा बिघाड. यंत्र थांबलं की चालवणाऱ्या बायका खोळंबायच्या आणि साहेबाचंही काही चालायचं नाही. दुरुस्ती फक्त देखभाल कामगारांना जमायची, आणि ते ती माहिती कागदावर येऊच देत नसत. यंत्रांचे आराखडे चक्क गायब! अनिश्चितता ज्याच्या मुठीत, त्याचा शब्द चालतो, हा क्रोझिएचा निष्कर्ष. (नियम इतके घट्ट नसते, तर त्या एका फटीला एवढा भाव आला नसता.)

तक्रार कोणाकडे न्यायची, एवढंच ठरवायचं असेल तर वेबर पुरे. पण नवं सॉफ्टवेअर आलं की सगळं तोंडपाठ असलेला जुना कारकून का अडून बसतो? तिथे मी क्रोझिएच उघडतो.