घरपोच ‘फूड सेन्सिटिव्हिटी’ टेस्ट: रक्त न्यायला आलेला पोरगा एक नंबर, बाकी राम राम

राळेगाव तालुक्यात माझं मेडिकल आहे, त्यामुळे औषधांच्या बाबतीत मी जरा खडूस गिऱ्हाईक आहे. कोणतं अन्न सोसत नाही ते रक्तावरून सांगतो म्हणणारी ही टेस्ट माझी नाही, आत्याची. संधिवातासाठी तिला बऱ्याच काळापासून रोज प्रेडनिसोलोन, म्हणजे स्टिरॉइडची गोळी, सुरू आहे. पोट फुगतं, अंगाला खाज सुटते म्हणून तिच्या मुलाने पुण्यात बसून मोबाइलवर पॅकेज बुक केलं. ६,५०० रुपये.

रक्त न्यायला पोरगा यवतमाळहून गाडीवर आला, भर उन्हात, थंड डबा घेऊन. आत्याची नस भल्याभल्यांना सापडत नाही, याला पहिल्याच टोच्यात सापडली. “बाप्पा, पोराचा हात हलका हाय!” खाली दिसणारे दोन तारे, दोन्ही त्याचेच.

फॉर्मवर वय, वजन, उपाशी आहात का, एवढंच. चालू औषधांचा रकानाच नाही. ही टेस्ट रक्तातल्या आयजीजी अँटिबॉडी, म्हणजे प्रतिकारशक्तीने बनवलेली प्रथिनं, मोजते. प्रेडनिसोलोन प्रतिकारशक्ती दाबतं, म्हणून तर ते संधिवातात देतात, आणि रोज घेतलं की आयजीजी कमी होऊ शकतं. ते न विचारता आकडे छापायचे म्हणजे ओलावा न पाहता कापूस मोजायचा.

रिपोर्ट मात्र रंगीत. हिरवं म्हणजे खा, लाल म्हणजे टाळा. हिरव्यात अव्होकाडो, ब्लूबेरी, साल्मन. आत्याने यातलं काही उभ्या जन्मात पाहिलेलं नाही. अंबाडी, जवस यादीतच नाही. लाल काय, तर गहू, तूर, दूध. म्हणजे तिचं रोजचं ताट! आपण जे खातो त्याचं आयजीजी शरीरात बनतंच, तो आजार नव्हे. युरोपातल्या अ‍ॅलर्जीतज्ज्ञांच्या संघटनेने २००८ मध्येच सांगितलंय की अशा आयजीजी४ (आयजीजीचाच एक उपप्रकार) टेस्टवरून अन्नाची अ‍ॅलर्जी ठरवू नका. म्हणजे स्टिरॉइडमुळे हिरव्यावर भरवसा नाही, आणि लाल तर तसाही बिनकामाचा.

मुलाचा फोन आला, तिन्ही बंद कर. “मंग खाऊ काय मी, गोटे?” बरोबरच आहे तिचं. स्टिरॉइडने हाडं ठिसूळ होतात, स्नायू झिजतात. अशा बाईचं वरण आणि दूध एका रंगीत कागदावरून काढायचं?

खरा संताप पुढे. कंपनीला फोन करून स्टिरॉइडचं सांगितलं, तर पलीकडची मॅडम गोड आवाजात म्हणते, “सर, गोळी चार आठवडे बंद करा, सवलतीत परत टेस्ट करून देऊ.” रोजची प्रेडनिसोलोन अचानक बंद? इतके दिवस बाहेरून स्टिरॉइड मिळत असल्याने मूत्रपिंडावरच्या ग्रंथी स्वतःचं बनवणं कमी करतात. गोळी तुटली की उलट्या, चक्कर, बीपी खाली, जिवावर बेतू शकतं. ती फक्त डॉक्टरच हळूहळू उतरवतात. शिवाय रक्तातलं आयजीजी निम्मं व्हायलाच साधारण तीन आठवडे लागतात, इतकं ते सावकाश बदलतं, त्यामुळे चार आठवड्यांच्या खाड्याने रिपोर्ट पुरता सुधारेलच असंही नाही.

आणखी एक. आमच्याकडे गुडघेदुखीची ‘जडीबुटीची पुडी’ जोरात खपते. अशा पुड्यांत स्टिरॉइड कालवलेलं सापडतं. घेणाऱ्याला पत्ता नसतो, तो रकाना असला तरी ‘नाही’च लिहिणार. दम्याच्या पंपाचं स्टिरॉइड रक्तात फार उतरत नाही, त्यामुळे त्याची चिंता कमी.

आत्याच्या डॉक्टरांनी गोळी आणि ताट दोन्ही तसंच ठेवलं. एखाद्या पदार्थाने लगेच गांधी उठत असतील तरच त्या पदार्थाची आयजीई (खऱ्या अ‍ॅलर्जीतली अँटिबॉडी) तपासू म्हणाले, आणि काय खाल्लं की पोट फुगतं ते नातीकडून वहीत लिहून घ्यायला लावलं.

पैसे परत मागितले, पॉलिसीत बसत नाही म्हणे. तरी बुक करणारच असाल तर आधी विचारा, स्टिरॉइड चालू असलेल्या माणसाचा रिपोर्ट तुमच्याकडे कोणता डॉक्टर वाचतो? मला उत्तर मिळालं, “आमची टीम.”